शिकेकाई, उटणे आणि घरातली विद्या

शिकेकाई हा शब्द मूळचा कानडी वळणाचा आहे, असे मी नववीच्या वर्गात सांगितले की मुलांमध्ये थोडी चुळबूळ होते. सीमाभागातल्या मराठी शाळेत एखादा शब्द कानडी ठरला की तो आपल्या हातून गेला, असे मुलांना वाटते. मग मी फळ्यावर त्या शब्दाचे दोन तुकडे करून दाखवतो. 'सीगे' हे त्या काटेरी वेलीचे नाव आणि 'कायि' म्हणजे फळ, शेंग. बाजारात 'बदनेकायि', 'तेंगिनकायि' म्हणणारी भाजीवाली आणि 'शिकेकाई' म्हणणारी माझी आजी, दोघींच्या तोंडी शेवटी तेच 'काय' होते. वेल घाटातला. खानापूर, चंदगड, जोयड्याच्या रानातून शेंगा खाली बाजाराला आल्या आणि येताना आपले नाव घेऊन आल्या. शेजारचा 'रिठा' मात्र संस्कृत 'अरिष्टका'चा नातू. आणि साबण? अरबीत साबून, पोर्तुगीजात सबांव, गोव्याच्या कोकणीत साबू. आपल्या न्हाणीघरातली एक फळी पाहिली तरी या मुलखाचा अर्धा इतिहास तिथे ओळीने मांडलेला दिसतो.

इतिहासाचा शिक्षक म्हणून माझी एक जुनी तक्रार आहे. आपण मुलांना किल्ले शिकवतो, लढाया शिकवतो, सनावळ्या घोकून घेतो. पण ती लढाई करून आलेला माणूस घरी येऊन अंगाला काय चोळत होता, दात कशाने घासत होता, त्याच्या बायकोच्या कपाळीचे कुंकू कोण करत होते, हे सांगत नाही. साधने नाहीत म्हणून सांगत नाही, असेही नाही. साधने आहेत, आणि गंमत अशी की त्यांतले सर्वांत महत्त्वाचे साधन आपल्याच परिसरातले आहे.

कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने शके 1051 मध्ये, म्हणजे इसवी सन 1129 मध्ये, 'मानसोल्लास' नावाचा प्रचंड ग्रंथ रचला. कल्याणी म्हणजे आजचे बिदर जिल्ह्यातले बसवकल्याण. 1956 च्या 1 नोव्हेंबरला बेळगाव मुंबई राज्यातून आणि हे गाव हैदराबाद राज्यातून, अशी दोन्ही एकाच दिवशी म्हैसूर राज्यात आली. तेव्हा त्या गावाशी आमचे नाते दुहेरी आहे. ग्रंथ संस्कृत, दरबार कानडी, आणि राज्यात मराठी मुलूख मोठा. ग्रंथाचे पाच भाग, प्रत्येक भागात वीस अध्याय, असे शंभर अध्याय. त्यांतल्या तिसऱ्या भागात राजाने भोगायच्या सुखांचे वर्णन आहे. त्यात स्नानाचा एक अध्याय आहे, विलेपनाचा एक आहे. सुवासिक फुलांच्या वासाने भरलेले तिळाचे तेल, ते अंगात जिरवणारे बळकट मल्ल, मग तेल काढण्यासाठी उटणे, केसांसाठी आवळा, शेवटी ऋतूप्रमाणे वेगवेगळी उटी. नरकचतुर्दशीच्या पहाटे आपल्या घरी जे होते, त्याचा क्रम नऊशे वर्षांत फारसा बदललेला नाही. फक्त मल्लांच्या जागी आई आली.

याच ग्रंथात संगीताची चर्चा करताना राजा सांगून जातो की महाराष्ट्रातल्या बायका कांडण करताना ओव्या म्हणतात. मराठी वाङ्मयाचे अभ्यासक ओवीचा जुना पुरावा म्हणून हा उल्लेख नेहमी देतात. माझे लक्ष त्यातल्या ओवीपेक्षा कांडणाकडे अधिक जाते. राजाच्या स्नानाचा थाट एका अध्यायात आणि कांडणाऱ्या बायका दुसऱ्या अध्यायात; पण राजवाड्यातले उटणेदेखील कोणाच्या तरी मुसळाखालूनच आले असणार.

हा ग्रंथ छापला गेला तो बडोद्यात. सयाजीराव महाराजांच्या काळात 1916 साली गायकवाड प्राच्य ग्रंथमाला सुरू झाली आणि तिच्यात श्रीगोंदेकर यांनी संपादिलेल्या 'मानसोल्लासा'चे तीन खंड 1925, 1939 आणि 1961 मध्ये प्रसिद्ध झाले. कल्याणीचा राजा, बडोद्याचे संस्थान, मराठी संपादक. आपला अंक ज्या ज्या गावी जातो, त्या गावांचा हा जणू पूर्वीचाच पत्रव्यवहार म्हणायचा.

दुसरे साधन त्याहून जवळचे आहे आणि त्याचे श्रेय पुण्याच्या भांडारकर संस्थेतील परशुराम कृष्ण गोडे यांचे. गोडे हे विलक्षण संशोधक. राजे-महाराजांवर त्यांनी लिहिलेच, पण रिठा आणि साबण, मेंदी, चाफ्याचे तेल असल्या विषयांवरही त्यांनी पोथ्या चाळून लेख लिहिले. सुगंधी द्रव्ये तयार करण्याच्या शास्त्रावरचा गंगाधराचा 'गंधसार' आणि अज्ञात लेखकाचा 'गंधवाद' या दोन पोथ्या त्यांनी 1945 च्या सुमारास अभ्यासकांपुढे आणल्या. यांतल्या 'गंधवादा'वर चक्क मराठी टीका आहे. म्हणजे काही शतकांपूर्वी कोणा मराठी माणसाला असे वाटले की वास कसे मुरवावेत, तेल कसे सुगंधित करावे, हे आपल्या भाषेत समजावून सांगावे. दोन्ही ग्रंथ पुढे 1989 मध्ये बडोद्याच्याच ग्रंथमालेत छापले गेले. 'गंधसारा'त सुगंधी द्रव्यांवरच्या सहा क्रिया सांगितल्या आहेत: भावना, पाचन, बोध, वेध, धूपन आणि वासन. नावे भारदस्त आहेत, पण चूर्ण रसात पुन्हा पुन्हा भिजवून वाळवणे याला शास्त्रात भावना म्हणतात आणि आमची आजी 'पुट देणे' म्हणायची, एवढाच फरक.

वराहमिहिराच्या 'बृहत्संहिते'त, म्हणजे सहाव्या शतकात, गंधयुक्तीचा अध्याय आहे आणि त्यात पांढरे केस काळे करण्याची कृती आहे. कोद्रू आंबट द्रवात लोखंडी भांड्यात शिजवायचे, त्यात लोहचूर्ण घालायचे, लेप केसांना लावून वर ओली पाने बांधून ठेवायची आणि मग आवळ्याने धुवायचे. आजही आवळा आणि मेंदी लोखंडी कढईतच रात्रभर भिजवतात. स्टीलच्या पातेल्यात का नको, असे सुनेने विचारले की सासू म्हणते, 'तशीच रीत आहे.' रीत खरी, पण तिच्यामागे रसायन आहे. आवळा, हिरडा, बाभळीची साल यांच्यात तुरट द्रव्य असते. ते लोहाशी मिळाले की काळा रंग तयार होतो. जुनी शाई याच मार्गाने होत असे. पेशवाईच्या काळात आपल्या बायका दात काळे करण्यासाठी दातवण लावत, त्यातही हिरडा आणि हिराकस हीच जोडी. म्हणजे कारकुनाच्या दौतीतली शाई आणि त्याच्या बायकोच्या दातांवरची काळी झाक या सख्ख्या बहिणी होत्या. पांढऱ्या दातांची आजची जाहिरात त्या बाईला कशी वाटली असती, कोण जाणे.

आता घराकडे वळतो. आमचे घर निपाणीकडचे. माझ्या लहानपणी, म्हणजे सत्तरीच्या दशकात, घरात शिकेकाईचे कांडप वर्षातून दोनदा होई. प्रमाण असे: शिकेकाई एक किलो, बिया काढलेला रिठा पाव किलो, आवळकाठी पाव किलो, त्यात नागरमोथा, गव्हला, कचोरा, मेथ्या आणि संत्र्याच्या वाळवलेल्या साली. सगळे कडक उन्हात चार दिवस. मग उखळ. तोंडाला फडके बांधल्याशिवाय कांडायला बसता येत नसे, कारण शिकेकाईची धूळ नाकात गेली की शिंकांची माळ थांबत नाही. शिकेकाईत आणि रिठ्यात फेस आणणारे द्रव्य असते. पाण्यात ते तेलाला धरून ठेवते आणि मळ सुटतो, पण साबणासारखे क्षारयुक्त नसल्यामुळे केस राठ होत नाहीत. सोनार दागिने आणि आई रेशमी लुगडे रिठ्याच्या पाण्यात धूत, त्याचेही कारण हेच.

हे सगळे कांडप करायची ती आत्याआजी, माझ्या आजोबांची बहीण. नऊ-दहाव्या वर्षी लग्न, बाराव्या वर्षी वैधव्य, आणि मग जन्मभर लाल आलवण. मी तिला पाहिले ते तिच्या शेवटच्या वर्षांत. मी पाचवीत असताना ती गेली. पूड वस्त्रगाळ झाली की नाही हे ती दोन बोटांत चिमूट चोळून सांगायची. घरातल्या सगळ्या बायकांच्या लांब केसांची मालकीण जणू तीच. कोणाला कोंडा आहे, कोणाच्या केसांना रिठा जास्त चालतो, कोणाला मेथ्या वाढवून द्यायच्या, सारे तिला पाठ. आणि तिचे स्वतःचे डोके? पंधरा दिवसांनी मागच्या दाराने न्हावी येई. एरंडेलाच्या दिव्यावर दोन विटांच्या आधाराने पितळी ताटली पालथी घालून काजळ धरायची तीच, सकाळी ते खरवडून धुतलेल्या लोण्यात घोटायची तीच; डोळ्यांत मात्र इतरांच्या जायचे. उटणे तिचे, अभ्यंग सुवासिनींचे.

विधवाविवाहाचा कायदा 1856 चा. 1890 मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रेरणेने मुंबईच्या नाभिकांनी विधवांचे केशवपन करण्यास नकार दिला. त्याच सुमारास हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो' ही कादंबरी क्रमशः येऊ लागली होती. हे सगळे मी वर्गात शिकवतो. पण आमच्या घराच्या मागच्या दारापर्यंत पोचायला त्या 1890 ला आणखी ऐंशी-पंच्याऐंशी वर्षे कमी पडली. घरगुती सौंदर्यप्रसाधनांचे गोडवे गाताना ही विद्या कोणाच्या हातांत जिवंत राहिली, हे सोडून देता येत नाही. ज्या बाईला नटायची मुभा नव्हती, तिच्या हाताला त्या कामासाठी वेळ होता. म्हणून ती विद्या तिच्याकडे आली.

घरचे ते सगळे चांगले, हेही खरे नाही. निपाणी म्हटले की तंबाखू. आमच्या भागात तव्यावर तंबाखू भाजून केलेली मिशेरी घरोघर होती. तीही 'घरगुती', तीही 'नैसर्गिक', तिच्यात कसलेही रसायन मिसळलेले नाही. आणि तिने किती बायकांचे तोंड आणि हिरड्या खाल्ल्या, हे या भागातल्या डॉक्टरांना विचारावे. दात घासण्याच्या निमित्ताने सकाळी लावायची, मग दुपारी, मग जेवणानंतर; दात केव्हाच स्वच्छ झालेले असतात, बोट तेवढे सुटत नाही. केंद्र सरकारने 1992 मध्ये दंतमंजनात आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू घालण्यावर बंदी आणली. पण ती बंदी डबीला लागू पडते. स्वयंपाकघरातल्या तव्याला कोणता कायदा लागू करणार? माझ्या शाळेतल्या पालकसभांत मी हा विषय दरवर्षी काढतो. काही आया पदर तोंडाला लावून हसतात. हसताना दिसते ते दिसतेच.

बावचीचेही तसेच. उटण्याच्या पुष्कळ कृतींत ती असते. कोडावर ती पूर्वीपासून वापरतात, कारण तिच्यातल्या द्रव्यामुळे त्वचेवर उन्हाचा परिणाम तीव्र होतो. म्हणूनच ती भरपूर लावून उन्हात हिंडले तर चट्टे उठू शकतात. वैद्याला हे ठाऊक होते, पहाटे अंधारात न्हाणाऱ्या घरालाही अनुभवाने ठाऊक असावे. दुपारी बारा वाजता 'हर्बल पॅक' लावून गच्चीवर जाणाऱ्या मुलीला ते कोणी सांगत नाही. तान्ह्या मुलाच्या डोळ्यांत काजळ घालू नका, असे आता बालरोगतज्ज्ञ बजावतात, आणि त्यांचे ऐकावे. बाजारच्या सुरम्यात तर शिसे असू शकते. काजळाचे बोट गालावर लावावे, कानामागे लावावे; दृष्ट काही डोळ्यांतूनच लागते असे नाही.

कुंकवाचा इतिहास हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे, पण त्याशिवाय पुढे जाववत नाही. खरे कुंकू हळदीचे. हळद आमच्या शेजारच्या सांगलीची, आणि कुंकू करण्याच्या धंद्यासाठी सोलापूर जिल्ह्यातले केम हे गाव प्रसिद्ध. हळद चुन्याने लाल होते हे सगळ्यांना माहीत असते, पण त्यावर लिंबू पिळले की ती पुन्हा पिवळी होते. हळद लिंबाच्या रसात आणि टाकणखारात मुरवून वाळवली तर मात्र आलेला लाल रंग टिकतो. हा शोध कोणी लावला, त्याचे नाव कोणत्याही ग्रंथात नाही. प्रयोगशाळेत आम्ही हळदीचा कागद करून मुलांना आम्ल आणि क्षार ओळखायला शिकवतो. ती परीक्षा आपल्या देव्हाऱ्यात कधीची बसलेली आहे. आधी कपाळावर मेणाचा ठिपका, त्यावर कुंकू, अशी रीत होती. पुढे बाजारच्या कुंकवात कृत्रिम रंग आले, मग बाटलीतले ओले कुंकू आले, मग चिकटवायच्या टिकल्या. टिकलीच्या डिंकातल्या एका रसायनाने काही बायकांच्या कपाळावर नेमका टिकलीएवढा पांढरा डाग पडतो, हे 1990 च्या सुमारास आपल्याच देशातल्या त्वचारोगतज्ज्ञांनी दाखवून दिले. हळदीकुंकवाला कानडी घरांत 'अरिशिन-कुंकुम' म्हणतात. बोलावणे दोन्ही भाषांत येते, वाटी तीच असते.

साबणाबद्दल थोडक्यात. 1888 मध्ये विलायती 'सनलाइट'च्या पेट्या कलकत्त्याच्या बंदरात उतरल्या. साबणात जनावराची चरबी असते म्हणून सोवळ्या घरांनी त्याला न्हाणीघराच्या बाहेर ठेवले. स्वदेशीच्या वातावरणात गोदरेजांनी 1918 ते 1920 च्या सुमारास वनस्पती तेलाचा साबण काढला आणि ही अडचण दूर झाली. इकडे म्हैसूर संस्थानात पहिल्या महायुद्धामुळे चंदनाची निर्यात अडली, तेव्हा 1916 साली संस्थानाने स्वतःच चंदनाचे तेल काढायला घेतले आणि त्यातून तो प्रसिद्ध चंदनी साबण आला. आमच्याकडे तो पाहुण्यांसाठी असे. पुढे टाटांचा 'मोती' आला. गोल, जड, मुठीत न मावणारा. उटण्याच्या वाटीशेजारी तो ठेवल्याशिवाय दिवाळी वाटेनाशी झाली. शाम्पूची गोष्ट तर आणखी मजेची. 'चांपणे' म्हणजे चेपणे, यावरून तो शब्द इंग्रजीत गेला. पाटण्याकडचा शेख दीन महंमद एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडातल्या ब्रायटन गावी स्नानगृह काढून साहेबांना चेपून देत असे, आणि त्या धंद्याला शाम्पू म्हणत. शब्द विलायतेला गेला तेव्हा त्याच्यात हात होते, परत आला तेव्हा फक्त बाटली. 1980 च्या दशकात ती बाटलीही गेली आणि पुडी आली. पुडीने उखळ बंद पाडले. त्याबद्दल मी फार अश्रू ढाळत नाही. उखळाशी बसणाऱ्या बाईची पाठ मी पाहिली आहे.

तरीही एक गोष्ट खुपते. गेल्या वर्षी शाळेच्या हस्तलिखितासाठी मी मुलांना घरची उटण्याची कृती लिहून आणायला सांगितले. बऱ्याच मुलांनी पुडीच्या मागचा मजकूर उतरवून आणला, छापील क्रमासकट. एका मुलाने तर 'थंड व कोरड्या जागी ठेवावे' हेही लिहिले. मग मी सांगितले, आजीला विचारा, शेजारच्या कानडी अज्जीला विचारा. दुसऱ्या खेपेला आलेल्या वह्या वाचण्यासारख्या होत्या. एका घरात मसुराचे पीठ, दुसऱ्यात हरभऱ्याचे. खानापूरकडच्या मुलीच्या घरी नारळाचे दूध. एका लिंगायत घरातून आलेल्या कृतीत उटण्यापेक्षा न्हाणीघरातल्या हंड्याचेच वर्णन अधिक, कारण त्यांच्याकडे आदल्या संध्याकाळी 'नीरु तुंबुव हब्ब', म्हणजे पाणी भरण्याचा सण, असतो. त्या मुलाने शेवटी लिहिले होते की त्याच्या अज्जीने त्याला प्रमाण सांगितले नाही. हात पुढे करायला लावून तळव्यावर ओतून दाखवले.

हे मोजमाप वहीत उतरत नाही, ही इतिहासलेखनातली खरी अडचण आहे. 'मानसोल्लासा'च्या लेखकालाही ती आली असेल. मी त्या मुलाकडून तळव्यावरचे प्रमाण चमच्यांत मोजून घेतले: तांदळाचे पीठ चार चमचे, आंबेहळद एक, वाळा एक, नागरमोथा अर्धा, कचोरा अर्धा, चंदन ऐपतीप्रमाणे. ऐपतीप्रमाणे हा शब्द मुलाचाच. चंदनाचे झाड कोणाच्याही जमिनीत उगवले तरी कर्नाटकात ते सरकारचे समजले जाई. 2001 मध्ये कायदा बदलला आणि ते जमीनमालकाचे झाले. आमच्या घरी सहाणेवर झिजवायचे खोड आजोबांच्या वेळचे आहे. ते आता करंगळीएवढे उरले आहे आणि वर्षातून एकदाच, चतुर्दशीला, निघते.

बचतगटांच्या बायका आता दिवाळीत उटण्याच्या पुड्या करून विकतात, ते चांगलेच आहे. मात्र विकायचे असेल तर परवान्याची चौकशी करून घ्यावी. 1940 च्या औषधांच्या कायद्यात 1962 च्या दुरुस्तीने प्रसाधनेही आली आहेत. स्वतःच्या घरापुरते करायला कोणाला विचारावे लागत नाही. साहित्य काष्ठौषधीच्या दुकानातून अखंड घ्यावे, तयार पूड घेऊ नये, कारण पुडीत भेसळ ओळखता येत नाही, शेंगेत येते. पहिल्यांदा कोपराच्या आत चिमूटभर लावून एक दिवस पाहावे. आणि शिकेकाई दळून आणायची तर आधी गिरणीत विचारून जावे. आमच्याकडचा गिरणीवाला दसऱ्यानंतरचा एक रविवार त्यासाठी राखून ठेवतो, संध्याकाळी सहानंतर. त्या दिवशी तो ज्वारीचे दळण घेत नाही, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पहिले पायलीभर धान्य स्वतःचेच टाकून जाते साफ करून घेतो.